गॅस पाइपलाइनची पर्यावरण जनसुनावणी कधी होते? बहुतेक वेळा होतच नाही

प्रश्न थोडक्यात असा: घाटमाथ्यालगतच्या एका गावातून नैसर्गिक वायूची २४ इंची पाइपलाइन प्रस्तावित आहे. मोजणीवाले येऊन गटागटात खुणा मारून गेले, भारताच्या राजपत्रात गट नंबर छापून आले. वाटेत एक ओढा आहे, पाइपलाइनपासून बारा-पंधरा मीटरवर पिण्याच्या पाण्याची विहीर आहे आणि वर थोडे राखीव जंगल आहे. गावकरी पर्यावरण जनसुनावणीची तारीख लागण्याची वाट पाहत आहेत आणि तिथे काय मांडायचे ते विचारत आहेत.

माझे पहिले सांगणे हेच की ही वाट पाहणे आजच थांबवा. पाइपलाइनच्या आखणीची आणि पर्यावरण अहवालांची कामे करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. जनसुनावणीची वाट पाहता पाहता हरकतीची मुदत निघून गेली, असे एकाहून अधिक गावांत पाहिले आहे.

पर्यावरणीय मंजुरी कोणाला लागते हे १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेने ठरते. तिच्या परिशिष्टात ६(अ) या नोंदीखाली तेल आणि वायूच्या पाइपलाइन येतात. पण सरसकट सगळ्या नव्हे, तर राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, प्रवाळ क्षेत्रे आणि परिस्थितिकीदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांच्यामधून जाणाऱ्याच. अशी पाइपलाइन असेल तर ती 'अ' प्रवर्गात धरली जाते. मग केंद्रीय मंत्रालय, तज्ज्ञ मूल्यांकन समिती, अहवालाची कार्यकक्षा, प्रदूषण नियंत्रण मंडळाने ३० दिवस आधी नोटीस देऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली घ्यायची जनसुनावणी, असा सगळा रीतसर क्रम लागू होतो. शेतजमिनीतून, माळरानातून, गावांच्या कडेने शेकडो किलोमीटर जाणाऱ्या पाइपलाइनला यातले काहीही लागत नाही. मंजुरी लागत नाही, म्हणून जनसुनावणीही नाही.

अधिसूचनेत 'मधून जाणारी' असे शब्द आहेत, 'जवळून जाणारी' असे नाहीत. त्यामुळे आखणी करणारा अभियंता अभयारण्याच्या हद्दीला वळसा घालतो. त्यात वाईट काही नाही, कारण अभयारण्य वाचते. पण त्याच वळशाने पाइपलाइन एखाद्या गावाच्या पाणलोटात शिरते आणि तिथे मात्र तिला पर्यावरणाच्या अंगाने विचारणारे कोणी उरत नाही. तुमच्या तालुक्यासाठी इको-सेन्सिटिव्ह झोनची (म्हणजे परिस्थितिकीदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची) वेगळी अधिसूचना असेल तर ती काढून वाचा. डहाणू (१९९१), महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) यांची क्षेत्रे अशीच अधिसूचित झालेली आहेत. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मात्र २०१४ ते २०२४ या काळात सहा मसुदे निघाले आणि एकावरही अंतिम शिक्का बसला नाही. 'आमचे गाव पश्चिम घाटात येते' एवढ्यावर विसंबून चालणार नाही.

मग सरकार तपासते तरी काय? तपासते, पण तुकड्यातुकड्याने आणि वेगवेगळ्या कचेऱ्यांत. पाइपलाइन टाकण्याचा अधिकार पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ देते, आणि सुरक्षेचे तांत्रिक निकषही त्याचेच. वनजमीन असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली (२०२३ पासून त्याचे नाव 'वन संरक्षण एवं संवर्धन अधिनियम' झाले) आधी तत्त्वतः आणि मग अंतिम मान्यता घ्यावी लागते. अभयारण्य असेल तर वन्यजीव मंडळ, खाडी किंवा किनारा असेल तर सागरी किनारा व्यवस्थापन प्राधिकरण. खारफुटी तोडायची असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालामुळे सार्वजनिक प्रकल्पालाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. नदी-कालव्याखालून जायला जलसंपदा विभाग, रस्त्याखालून जायला रस्त्याचा मालक विभाग. प्रत्येक कचेरी आपापला तुकडा बघते. अख्ख्या पाइपलाइनचा, तिच्या दोन्ही बाजूंच्या मातीपाण्याचा एकत्र विचार कोणाच्याच टेबलावर होत नाही. शेतजमिनीसाठी तर एकही पर्यावरणीय टेबल नाही.

तुमच्यासाठी खरे दार एकच आहे, आणि ते पर्यावरण कायद्यात नसून जमिनीच्या कायद्यात आहे. पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन (जमिनीतील वापर हक्क संपादन) अधिनियम, १९६२. याच्या कलम ३(१) खाली राजपत्रात इरादा जाहीर होतो. तुमचे गट नंबर छापून आले ते याच कलमाखाली. कलम ५ प्रमाणे हितसंबंधित व्यक्तीला २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) लेखी हरकत घेता येते, आणि प्राधिकाऱ्याला तिची सुनावणी घ्यावी लागते. स्वतः बोलता येते, वकीलही देता येतो. अधिसूचनेत बहुधा असे लिहिलेले असते की राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्यापासून २१ दिवस मोजायचे, म्हणून प्रत गावात कधी पोहोचली याची पोच तलाठ्याकडून किंवा ग्रामपंचायतीकडून लेखी घेऊन ठेवा. हरकतींचा अहवाल गेल्यावर कलम ६ खाली घोषणा निघते आणि वापर हक्क सरकारकडे किंवा कंपनीकडे जातो. कलम ३(१) च्या अधिसूचनेपासून वर्षभरात ती घोषणा निघाली नाही तर त्या जमिनीपुरती अधिसूचना आपोआप रद्द होते. हे फार थोड्यांना माहीत असते.

मालकी तुमचीच राहते, जाते तो वापराचा हक्क. त्या पट्ट्यात पीक घेता येते, पण कलम ९ प्रमाणे घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. म्हणजे ज्वारी-सोयाबीनवाल्याचे तसे भागते, पण आंबा-काजूवाल्याचा तो पट्टा कायमचा जातो. मोबदल्यात झालेले नुकसान अधिक अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के, एवढेच कायदा देतो. बागायतदाराच्या दृष्टीने ते अपुरे आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हरकतीत काय लिहायचे. 'प्रकल्पामुळे पर्यावरणाची हानी होईल, सबब विरोध आहे' असा अर्ज पाच मिनिटांत निकाली निघतो. न्यायालयेही प्रकल्प सार्वजनिक हिताचा आहे एवढ्यावरून पुढे जाऊ देतात. कोची-बेंगळुरू पाइपलाइनच्या वेळी तमिळनाडू सरकारने शेतांऐवजी महामार्गाच्या कडेने जा असे सांगितले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये निकाल 'गेल' (GAIL) या सरकारी वायू कंपनीच्या बाजूने लागला. खुद्द राज्य सरकार हरले तिथे सरसकट विरोधाने तुमच्या हाती फारसे लागणार नाही. आखणी बदलून मागायची असेल तर पर्याय नकाशावर दाखवा. महामार्गाच्या हद्दीतून वायूवाहिनी नेता येते, समृद्धी महामार्गालगत मुंबई-नागपूर-झारसुगुडा पाइपलाइन आखली गेलीच. आणि आखणी बदलणार नसेल तर काम कसे करायचे याच्या अटी गट नंबरनिशी मागा. प्राधिकाऱ्याला असा अर्ज नुसता फेटाळता येत नाही, त्यावर काहीतरी कारण लिहावे लागते.

यातली सर्वांत महत्त्वाची अट मातीची. २४ इंची पाइपवर किमान एक मीटर मातीचे आच्छादन लागते (कलम ७ तसे सांगतेच), खाली थोडी बैठक, म्हणजे चर पावणेदोन-दोन मीटर खोल जातो. आपल्याकडे वरची फूट-दीड फूट काळी किंवा तांबडी कसाची माती, तिच्याखाली मुरूम, मग बेसॉल्ट. पोकलेन हे सगळे एका बकेटमध्ये उचलते आणि एकाच ढिगात टाकते. परत ढकलताना मुरूम वर येतो. एका शेतात काम संपून दुसरा हंगाम लागला तेव्हा मी उभा होतो. दोन्ही बाजूंना सोयाबीन कमरेला लागत होते आणि मधून पिवळट, वीतभर रोपांचा सरळ पट्टा बांधापासून बांधापर्यंत गेला होता. त्या शेतकऱ्याला एका हंगामाची नुकसानभरपाई मिळाली होती, माती मात्र पुन्हा कसाला यायला वर्षे लागणार होती. म्हणून लिहून मागा: वरची माती वेगळी काढायची, वेगळ्या ढिगात ठेवायची, शेवटी तीच वर पसरायची आणि यंत्रे फिरून दबलेला सगळा पट्टा खोल नांगरून द्यायचा.

आणखी एक बारीक गोष्ट. खडकात चर असेल तर पाइपच्या लेपाला दगड लागू नये म्हणून पाइपभोवती मऊ माती भरतात, तिला साइटवर पॅडिंग म्हणतात. ही मऊ माती बाहेरून आणायची किंवा चरातला माल चाळून घ्यायची असते. ठेकेदाराला सर्वांत जवळ आणि फुकट काय मिळते, तर तुमची काळी माती. तुमच्या शेताची वरची माती पॅडिंगला वापरायची नाही, हे वाक्य हरकतीत शब्दशः घाला. बाहेरून माती आणत असतील तर ती कोठून, तेही विचारा. पाइपलाइनसारख्या रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढायला पर्यावरणीय मंजुरीतून दिलेली २०२० ची सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली आहे. शेजारच्या टेकडीचा लचका तोडून तुमचा चर भरला जाऊ नये.

घाटउतारावर मातीइतकाच पाण्याचा प्रश्न मोठा. चरातली भरलेली माती आजूबाजूच्या घट्ट जमिनीपेक्षा भुसभुशीत असते. जून-जुलैत पाऊस मुरायला लागला की पाणी वाट सोपी म्हणून चराच्या तळाने, पाइपच्या कडेकडेने उताराला वाहू लागते. वरून काही दिसत नाही. मग कधीतरी पायथ्याला चिखलाचा लोंढा बाहेर पडतो, पाइप उघडा पडतो, आणि ज्या झऱ्याकडे ते पाणी इतकी वर्षे जात होते तो डिसेंबरातच आटतो. यावर उपाय माहीत असलेला आहे. चरात ठरावीक अंतराने वाळूच्या किंवा सिमेंट-वाळूच्या पोत्यांचे आडवे अडसर घालायचे, जितका उतार तीव्र तितके ते जवळजवळ, आणि वर जमिनीवर पाणी बाजूला काढणारे आडवे बांध. आराखड्यात हे असते, पण पावसाळा तोंडावर आला की पहिली काटछाट इथेच होते. उताराच्या प्रत्येक गटात अडसर किती आणि कुठे घातले याचे चर बुजवण्याआधीचे फोटो ग्रामपंचायतीला द्यावेत, अशी अट मागा. बुजवल्यावर कोणी तपासू शकत नाही.

विहिरीसाठी वेगळा परिच्छेद लिहा. बारा-पंधरा मीटरवर सुरुंग लावला तर दगडी बांधकामाला तडा जाऊ शकतो, झिरपे सरकू शकतात. सुरुंगाऐवजी ब्रेकर वापरावा, निदान त्या टप्प्यात, असे मागा. काम सुरू होण्यापूर्वी विहिरीचा पंचनामा करून घ्या: पाण्याची पातळी, बांधकामाची अवस्था, पाण्याची प्रयोगशाळेतली तपासणी. तलाठी, ग्रामसेवक, कंपनीचा माणूस, सगळ्यांच्या सह्या हव्यात. याशिवाय नंतरची भरपाई सिद्ध करता येत नाही.

ओढा ओलांडायचे दोन मार्ग आहेत. उन्हाळ्यात उघडा चर खणून, किंवा आडव्या बोअरने पात्राखालून. बोअर ऐकायला चांगले वाटते, पण त्यात बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचा गाळ दाबाने फिरवतात आणि तडकलेल्या बेसॉल्टमधून तो पात्रात वर येऊ शकतो. छोट्या, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या ओढ्याला मी स्वतः एप्रिलातला उघडा चरच सुचवतो, अर्थात पाच-सहा दिवसांत पुरा करून, काठाला दगडी पिचिंग करून देण्याच्या अटीवर. बारमाही पात्राला बोअर.

चाचणीच्या पाण्याचे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गॅस सोडण्यापूर्वी पाइपमध्ये पाणी भरून ते कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबावर ठेवून बघतात. २४ इंची पाइपच्या १० किलोमीटरला साधारण २७ लाख लिटर पाणी लागते. ते कोणत्या बंधाऱ्यातून, कोणत्या महिन्यात उचलणार? पाण्यात गंजरोधक आणि जंतुनाशक घालतात, मग ते कोठे सोडणार? मे महिन्यात गावच्या पाझर तलावातून उचलून चाचणीनंतर ओढ्यात सोडले, असे होऊ द्यायचे नसेल तर आत्ताच लिहा.

सुरक्षेचा मुद्दा नीट आकड्यात मांडा. वापर हक्काचा पट्टा असतो वीस-तीस मीटरचा. २४ इंची पाइप ६९ बार दाबाने फुटून पेटला तर गंभीर परिणामाची त्रिज्या उद्योगात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सूत्राने सुमारे १६० मीटर येते. म्हणजे कायद्याने ज्यांना बाधित मानले त्यांच्याबाहेरची कित्येक घरे धोक्याच्या वर्तुळात आहेत आणि त्यांना नोटीसही गेलेली नसते. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम इथे गेलची पाइपलाइन फुटून पेटली, वीसहून अधिक माणसे गेली. कोरड्या वायूसाठीच्या पाइपमधून ओलसर वायू जात होता, पाइप आतून गंजला होता, आणि वस्ती पाइपलाइनच्या अगदी लगत होती.

पाइप किती जाड घ्यायचा हे भोवतालच्या घरांवर ठरते. दोन्ही बाजूंना २००-२०० मीटर आणि लांबीला १.६ किलोमीटर अशा पट्ट्यात दहापर्यंत घरे असतील तर पहिला वर्ग, ११ ते ४५ दुसरा, ४६ पासून तिसरा. पहिल्या वर्गात पोलादाच्या क्षमतेच्या ७२ टक्के ताण चालतो, तिसऱ्यात ५० टक्के. त्यामुळे तिसऱ्या वर्गाचा पाइप जवळजवळ दीडपट जाड येतो, आणि खर्चही वाढतो. घरे मोजतात सर्वेक्षणाच्या दिवशी, बऱ्याचदा उपग्रह चित्रावर. गावठाणाची वाढ, मंजूर घरकुले, वाडीवरची विखुरलेली घरे सुटून जातात. ग्रामपंचायतीने स्वतः मोजणी करून, नमुना ८ च्या उताऱ्यांसह यादी द्यावी आणि पुढच्या वीस वर्षांची वाढ धरून वर्ग ठरवावा असे मागावे. माझ्या अनुभवात ही मागणी कंपन्या ऐकतात, कारण नंतर वस्ती वाढून वर्ग बदलला तर जमिनीतला पाइप बदलावा लागतो किंवा दाब उतरवावा लागतो.

कागद कुठून मिळतील? मंजुरी लागत नसली तरी बऱ्याच कंपन्या स्वतःसाठी, किंवा कर्ज देणाऱ्या बँकेसाठी पर्यावरण अहवाल आणि जोखीम विश्लेषण करून घेतात. कंपनी सार्वजनिक क्षेत्रातली असेल तर माहिती अधिकारात दोन्ही मागा, आणि सोबत आखणीचा तपशीलवार नकाशा. खाजगी असेल तर नियामक मंडळाकडे आणि वन विभागाकडे दिलेल्या प्रती मागा. वनजमिनीचा प्रस्ताव केंद्राच्या पर्यावरण-वन मंजुऱ्यांच्या 'परिवेश' पोर्टलवर गावाच्या नावाने शोधला तर नकाशासकट सापडतो. राखीव जंगलाबद्दल उपवनसंरक्षकांना लेखी कळवा. मात्र वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेच्या ठरावाची अट ५ फेब्रुवारी २०१३ च्या केंद्राच्या पत्राने रेषीय प्रकल्पांना बहुतांशी शिथिल केली होती, त्यामुळे केवळ ग्रामसभेच्या नकारावर भिस्त ठेवू नका. ठराव जरूर करा, पण तो हरकतीला जोडण्यासाठी.

ही व्यवस्था अशी असू नये असे मला ठामपणे वाटते. अभयारण्यातून अर्धा किलोमीटर जाणाऱ्या पाइपलाइनला पूर्ण मूल्यांकन आणि पाचशे किलोमीटर शेतीतून जाणारीला शून्य, याला शास्त्रीय आधार नाही. पाइपलाइन एकदा नीट पुरली की रस्त्यापेक्षा, धरणापेक्षा तिचा त्रास कमी असतो हे खरे आहे, आणि कोळशाच्या जागी वायू आला तर हवा सुधारते हेही खरे. पण तिचे बहुतेक नुकसान बांधकामाच्या त्या दोन हंगामांत होते आणि नेमके तेव्हाच बघायला कोणी नसते. वाटेतल्या व्हॉल्व्ह स्टेशनांवर देखभालीसाठी वायू हवेत सोडतात, त्यातला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा २८-३० पट तापदायक आहे. त्याची मोजदादही या तुकड्यांमध्ये कुठे बसत नाही. निदान ठरावीक लांबीपुढच्या पाइपलाइनला तालुकावार सुनावणी आणि माती-पाण्याचा एक एकत्रित आराखडा बंधनकारक करायला हवा.

तो होईपर्यंत तुमच्या हातात काय आहे ते धरून चला. हरकत गटवार वेगवेगळी द्या, एकत्रित निवेदनावर सह्या करून नव्हे. प्रत्येकाची सुनावणी स्वतंत्र व्हायला हवी, आणि प्राधिकाऱ्याने दिलेल्या निर्णयाची प्रमाणित प्रत मागून घ्या. काम सुरू झाल्यावर अटी मोडल्या, ओढ्यात राडारोडा टाकला, झरा बुजवला, तर आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आणि तहसीलदारांकडे तारीख-फोटोंसह तक्रार करा. दाद लागली नाही तर पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ आहे. तिथे अर्जाची मुदत वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, आणि उशिराचे सबळ कारण दाखवले तर फार तर आणखी ६० दिवस.